धूप फिरून गेल्यावर

गाडीतून उतरलो आणि चष्म्यावर पांढरी वाफ धरली. समोरचं दार, दारावरचा दिवा, किल्ली धरलेला स्वतःचा हात, सगळं एका क्षणात नाहीसं झालं. कतारमध्ये चष्मेवाल्यांना ऋतुबदल असा कळतो. आपल्याकडे माणसं आभाळाकडे बघतात, इथे काच पुसतात. मे महिन्यापासून नुसतं कोरडं भाजणारं ऊन एके दिवशी समुद्रावरची ओल सोबत घेऊन येतं. शर्ट अंगाला चिकटतो, गिझर बंद ठेवून त्यातलंच पाणी थंड म्हणून वापरावं लागतं, कारण नळाचं पाणी चहा करण्याइतकं तापलेलं असतं. आणि याच घुसमटलेल्या दिवसांत खजुराच्या झाडांवरचे घड पिकायला लागतात.

काच पुसली. दाराशी झावळ्यांच्या पात्यांची विणलेली टोपली होती. रुतब आला होता.

रुतब म्हणजे ताजा, अर्धवट पिकलेला खजूर. देठाकडे हळदीसारखा पिवळा आणि करकरीत, टोकाकडे तपकिरी, मऊ, काकवीत बुडवून काढल्यासारखा. एकाच घासात कच्चं आणि पिकलं दोन्ही. टोपली भिंतीपलीकडच्या बागेतून येते, दर वर्षी, न सांगता. मी ती आत नेली आणि सवयीनं हाक मारली, "मंजिरी, आला गं रुतब." फ्रिज घरघरला. मंजिरी आणि इरा नाशिकला गेल्यात. शाळांना सुट्ट्या लागल्या की इथली मराठी कुटुंबं एका आठवड्यात भुर्रकन उडून जातात आणि मागे उरतात ते नवरे. आमच्या ग्रुपवर एरवी नाट्यसंगीतावर वाद घालणारी मंडळी या दिवसांत मुगाच्या खिचडीला शिट्ट्या किती, यावर गंभीर चर्चा करतात.

रिकाम्या घराची सवय होते म्हणतात. मला झालेली नाही. पण रुतब तोंडात टाकला की आठवतं ते हे घर नाही, त्याच्या आधीचं घर. म्हणजे घर नसणं.

इथे आलो त्या वर्षी मी नवाकोरा होतो. मोठमोठ्या इमारती थंड ठेवण्याचं काम करणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होतो, आणि अल थुमामा भागातल्या ज्या फ्लॅटमध्ये झोपत होतो तिथला एसी पहाटे मान टाकत असे. जवळच विमानतळ. विमानं अगदी डोक्यावरून जात आणि त्यातलं प्रत्येक मुंबईलाच चाललंय, अशी माझी खात्री असे. सोबतीला सावंत होता, कुडाळचा, वयानं मोठा, इथे माझ्या बराच आधी आलेला. अरबी रीतिरिवाजांवर तो अधिकारवाणीनं बोलत असे. त्यातलं निम्मं खरं निघे. कुठलं निम्मं, ते मात्र आधी कळत नसे.

मंजिरी आणि तीन वर्षांची इरा नाशिकला होत्या. ऑफिसचा हिशेब सरळ होता: आधी कुटुंबाला राहता येईल असं घर घे, मग त्यांची कागदपत्रं पुढे सरकतील. सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत घर मिळालं तर इराचं इथल्या बालवर्गात नाव लागणार होतं, नाहीतर पुढचं वर्ष. मी रोज संध्याकाळी घरं बघत होतो. जी परवडत होती ती मंजिरीला फोटोतसुद्धा दाखवण्यासारखी नव्हती. आणि तिकडे इरानं एक नवीनच गोष्ट सुरू केली होती. मी तिला फक्त फोनमध्ये दिसायचो, म्हणून ती फोनलाच बाबा म्हणायला लागली होती. एकदा बोलता बोलता बॅटरी संपत आली तर तिचा आवाज ऐकू आला, "आई, बाबाला चार्जिंगला लाव." मंजिरी हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर सावंतनं विचारलं, काय झालं रे. मी म्हटलं, काही नाही, घाम आहे.

याच सुमारास हमदचा थर्मास माझ्याकडे आला. हमद ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसे, अतिशय सभ्य कतारी तरुण. त्याच्याकडे कॉफीचा एक सुंदर थर्मास होता, निळा, चोचीला सोनेरी कड असलेला. आपल्याकडे ओळख वाढवायची तर माणूस समोरच्याच्या वस्तूचं कौतुक करतो. शर्ट छान आहे, कुठून घेतला? समोरचा म्हणतो, अहो जुनाच आहे. झालं, मैत्री सुरू. मी त्याच उद्देशानं म्हटलं, हमद, थर्मास फार सुंदर आहे हो. त्यानं तो उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. तुमचा झाला म्हणाला. मी नको नको म्हणत राहिलो, तो घ्या घ्या म्हणत राहिला, आणि शेवटी मी थर्मास आणि त्यातली त्याची कॉफी असं दोन्ही घेऊन घरी गेलो. सावंत म्हणाला, "मेल्या, हय कशाचीच तारीफ करू नको. गाडीची केलंस तर गाडी देतलो." हे त्याच्या खऱ्या निम्म्यातलं निघालं. मी धडा घेतला. माझा तोच दोष आहे, मी धडे फार मनापासून घेतो.

माझी घरं शोधण्याची वणवण हमद बघत होता. एक दिवस त्यानं सांगितलं की उम्म सलाल मोहम्मद नावाच्या गावी त्याच्या वडिलांची खजुराची बाग आहे, बागेच्या भिंतीला लागून दोन खोल्यांचं घर आहे, वेगळं दार, पुढे छोटं अंगण. भाडं मला झेपेल असं होतं. अडचण एकच. वडील ते फक्त कुटुंबाला देतात आणि माणसाबरोबर एक संध्याकाळ बसल्याशिवाय देत नाहीत. वडिलांना सगळे बू हमद म्हणत, म्हणजे हमदचे बाबा.

मी घर बाहेरून पाहून आलो. अंगणात भिंतीवरून खजुराच्या झावळ्या आत वाकलेल्या होत्या. एका कोपऱ्यात सावली होती. त्या सावलीत मी मनातल्या मनात इराची तीनचाकी ठेवली आणि घर गमावण्याची भीती तिथून सुरू झाली.

शुक्रवारी संध्याकाळी इस्त्रीचे कपडे घालून गेलो. मजलिस म्हणजे पाहुण्यांना बसवण्याचा लांबलचक दिवाणखाना. भिंतींना लागून गाद्यांची रांग, मध्ये मोकळा गालिचा, आणि एसी असा की व्यवसायबंधू म्हणून मला भरून आलं. गावातली काही मंडळी बसली होती. बू हमद उठून पुढे आले, उंच, पांढरी दाढी, शांत डोळे. मी पाहिलं, वयस्कर माणूस, घराचे मालक, माझ्या इराचं भवितव्य यांच्या हातात. आणि हाडात मुरलेल्या संस्कारानं त्यांच्या पायाशी वाकलो.

इथे माणसासमोर कोणी वाकत नाही. वाकणं फक्त देवापुढे. हे मला नंतर कळलं. बू हमदना माझं हे वाकणं नमस्कार वाटलंच नाही, त्यांना वाटलं पाहुणा उन्हानं चक्कर येऊन पडतोय. त्यांनी मला वरच्या वर काखेत हात घालून धरलं आणि काहीतरी ओरडले. चार माणसं धावली. मला गादीवर टेकवलं, मानेखाली उशी आली, एकानं तोंडावर पाणी शिंपडलं. मी बरा आहे, असं तीन भाषांत सांगत होतो. चक्कर आलेला माणूस हेच सांगतो, त्यामुळे आणखी पाणी आलं.

बू हमदना थोडी हिंदी येत होती. त्यांच्या वडिलांच्या पेढीवर एके काळी मुंबईची माणसं होती, त्यांच्याकडून उचललेली. शब्द मोजके आणि सगळे हुकमाचे. बैठो. खाओ. पानी पियो. ते मला म्हणाले, "बैठो." मी बसलो. पुढे जे घडलं त्याची निम्मी जबाबदारी मी या शब्दावर टाकतो.

रुतबाची थाळी आली. खाल्ला. बी कुठे टाकायची कळेना. आपल्याकडे पानाच्या कडेला ठेवतात, इथे पान नव्हतं. बाकीच्यांच्या बिया कुठे जात होत्या देव जाणे. मी हळूच खिशात टाकल्या. चिकट बिया, इस्त्रीची पँट. मग हमदनं वडिलांच्या वतीनं विचारलं, घर कसं वाटलं? छातीतून शब्द आले होते, फार सुंदर आहे हो, माझी मुलगी वेडी होईल त्या अंगणात. पण थर्मास आठवला. तारीफ केली तर मागितल्यासारखं होईल. मी चेहरा कोरा करून म्हटलं, ठीक आहे. हमदनं एकवार माझ्याकडे पाहिलं आणि भाषांतर केलं. बू हमदनी मान हलवली. मी मनात म्हटलं, कसं सांभाळून घेतलं.

आणि मग धूप आला.

कॉफी देणारा माणूस लाकडी धुपाटणं घेऊन आत आला. निखाऱ्यावर ऊद, धुराची निळसर वेल वर चढलेली. तो एकेकासमोर थांबू लागला. माझ्या नाकात तो वास गेला आणि नाशिकच्या घरातली संध्याकाळ उभी राहिली. शेजारचा गृहस्थ डोक्यावरच्या रुमालाची टोकं धरून धूर दाढीकडे ओढत होता, पण ते माझ्या लक्षातच आलं नाही. धुपाटणं समोर आलं, तसा मी अर्धवट उठलो, दोन्ही तळहात निखाऱ्यावर धरले, डोळ्यांना लावले, मस्तकावरून फिरवले. आरती घेतली. डोळे मिटून घेतली. आणि आरती घेतली की हात जिथे जातो तिथे गेला, खिशात, सुटं नाणं शोधायला. नाणं नव्हतं. चिकटलेल्या बिया होत्या. हाताबरोबर त्या बाहेर आल्या आणि त्या देखण्या गालिचावर टपटप पडल्या.

कोणी हसलं नाही. हसले असते तर मी वाचलो असतो. मी बिया वेचल्या आणि बसलो, अगदी ऐसपैस, कारण माझ्या समजुतीनं कार्यक्रम आता कुठे सुरू होत होता. आधी आरती, मग प्रसाद. पण मंडळी एकेक करून उठायला लागली. छातीवर हात, दोन शब्द, बाहेर. मला वाटलं, कामं असतील. मुख्य पाहुणा मी, मला राहायला हवं. जागा झाली तसा मी सरकून बू हमदच्या जवळ बसलो आणि नाशिकच्या द्राक्षांची माहिती सांगायला घेतली. हमद भाषांतर करत होता. त्याचा आवाज बारीक होत चालला होता. कॉफीचे कप उचलले गेले. हमदच्या हातात गाडीची किल्ली आली आणि किणकिणली. मी छाटणीपर्यंत आलो होतो.

तेव्हा धूप दुसऱ्यांदा आला. फक्त माझ्यासाठी. मी भारावलो. दुप्पट भक्तीनं आरती घेतली आणि पुन्हा बसलो.

बू हमद बसून होते. ते माझ्याकडे बघत होते, मी बोलत होतो. शेवटी हमद उभा राहिला आणि म्हणाला, यल्ला, चला, मी तुम्हाला सोडतो. गाडीत अगदी हळुवारपणे, रुग्णाच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तसा, त्यानं सांगितलं की त्यांच्याकडे ऊद फिरला म्हणजे भेट पूर्ण झाली. त्यानंतर पाहुणा बसत नाही. मी विचारलं, आणि दोनदा फिरला तर? तो म्हणाला, "दोनदा कधी फिरलेला मी पाहिला नाही."

सावंतला सगळं सांगितलं. तो गॅलरीत लुंगी झटकत होता. "आरती घेतलंस? थंय?" मग लुंगी दोरीवर टाकत म्हणाला, "आता ता घर इसर."

मंजिरीला फोन केला. ती आधी पोट धरून हसली. म्हणाली, "तुला उठायचं कधी कळलंय का? मला बघायला आलास तेव्हाही असाच बसला होतास. शेवटी बाबांनी टीव्ही बंद केला, तेव्हा तुझा काका उठला, आणि काका उठला म्हणून तू." मग हसू ओसरलं. मागे इरा कुणाशी तरी भांडत होती. मंजिरीनं विचारलं, "मिळेल ना रे घर?" मी म्हटलं, इन्शाल्ला. तेवढं अरबी मला येऊ लागलं होतं.

ऑफिसात हमदही तेच म्हणत होता. इन्शाल्ला. त्याच्या इन्शाल्लांतला कुठला होकाराचा आणि कुठला सांत्वनाचा, हे ओळखण्यात माझे दिवस जात होते. दरम्यान आणखी एक घर पाहिलं. त्याला खिडकी होती, पण ती दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघरात उघडत होती.

एका सकाळी हमदनं माझ्या टेबलावर किल्ली ठेवली.

मला आधी वाटलं, थर्मासासारखंच हेही कौतुकाचं प्रकरण असावं. मी घाईनं म्हटलं, मी कशाचीही तारीफ केलेली नाही. तो हसला. म्हणाला, त्यानं वडिलांची त्या रात्रीच माफी मागितली होती, म्हटलं, बाबा, त्याला आपली रीत ठाऊक नव्हती. मग काल वडिलांनी विचारलं, त्या माणसाची बायकामुलं कुठे आहेत? हमदनं सांगितलं, इंडियात.

"ते म्हणाले, रीत ठाऊक नव्हती ते वेगळं. ज्याची घरी कुणीतरी वाट बघत असतं, त्याचे पाय ऊद यायच्या आधीच दाराकडे वळतात. हा दोनदा धूप फिरूनही बसून राहिला. त्याला घरी जायचंच नव्हतं. त्याला किल्ली दे."

मी किल्ली हातात घेतली.

त्यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मी तर सभ्यपणा म्हणून बसलो होतो, निदान माझी तशी समजूत होती. पण आता रुतबाच्या टोपलीजवळ एकटा बसलो की खात्री वाटत नाही. माणसं उठत होती ते दिसत होतं. कप गेले ते दिसत होतं. द्राक्षांच्या छाटणीत कतारी माणसाला काय रस असणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या खोलीत कुणीतरी खाओ म्हणत होतं, उदाचा वास घरासारखा होता, आणि अल थुमामाला सावंतचं घोरणं आणि मान टाकलेला एसी. माझं अज्ञान खरं होतं, पण ते माझ्या फार सोयीचं होतं.

शाळा उघडायच्या आत दोघी आल्या. विमानतळावर इरानं आधी आईच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत फोनकडे. तिला माझे पायही आहेत याचं बहुधा आश्चर्य वाटलं असावं. तीनचाकी अंगणातल्या सावलीत आली, मी मनात ठेवली होती तिथेच.

आणि नवेपणाचा मान एकट्या माझ्याकडे राहू नये म्हणून की काय, थोड्याच दिवसांत बू हमद आणि हमद आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले. मंजिरीनं दुपारभर खपून सुरळीच्या वड्या केल्या होत्या. पाहुणे बसले, बैठो असं या वेळी मी म्हटलं. बाहेर तिन्हीसांजा झाल्या. मंजिरीनं देवापाशी दिवा लावला आणि तिच्या माहेरच्या पद्धतीप्रमाणे धूप घालून धुपाटणं घरभर फिरवत बाहेरच्या खोलीत आली. दोघेही पाहुणे ताडकन उठले. छातीवर हात ठेवला, आभार मानले, चपला घातल्या आणि गेले. वड्या जशाच्या तशा. मंजिरी धुपाटणं धरून दारात उभी होती. "मी काय केलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, घरमालकांना घालवून दिलंस.

दुसऱ्या दिवशी वड्यांचं ताट घेऊन मीच मजलिसमध्ये गेलो आणि हमदकरवी खुलासा केला की आमच्याकडे धूप म्हणजे नुसती संध्याकाळ झाली, जा असं नव्हे. बू हमदना मी पहिल्यांदा मोठ्यानं हसताना पाहिलं. डोळे पुसत त्यांनी एक वडी उचलली, उलगडून पाहिली, पुन्हा गुंडाळली आणि खाल्ली.

आता ते फारसे बाहेर पडत नाहीत. काठी घेऊन बागेत एक फेरी मारतात, घड दाबून बघतात, आणि टोपली कुणाकडे आधी जायची ते अजून तेच ठरवतात. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत येतं. काल फोनवर विचारत होती, बाबा, डिड यू ईट? मी म्हटलं, हो, जेवलो. प्रॉपर डिनर, ऑर जस्ट चिवडा? म्हणाली. पोरीला माझं सगळं ठाऊक आहे.

टोपली रिकामी परत द्यायची नसते, हे आमचं. त्यामुळे आज संध्याकाळी तीत नाशिकच्या चिवड्याचं पाकीट ठेवून भिंतीपलीकडे गेलो. तेच गालिचे, तोच एसी. वाकलो नाही, इथल्या रीतीनं नाकाला नाक लावलं. बिया छोट्या वाटीत टाकल्या, वाटी तेव्हाही तिथेच होती म्हणे. बू हमदनी चिवड्यातले शेंगदाणे निवडून खाल्ले आणि त्यांना आता ऐकू कमी येत असल्यामुळे आम्ही दोघं बराच वेळ छान गप्प बसलो. धूप आला. रुमालाची टोकं नव्हती, म्हणून मी शर्टाकडेच रीतीनं धूर ओढला, छातीवर हात ठेवला आणि लगेच उठलो. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलो.

त्यांनी मान वर करून पाहिलं.

"घर में कौन है?"

मी म्हटलं, अभी कोई नहीं.

त्यांनी काठीनं शेजारची गादी दाखवली.

"बैठो."